मामाला सावलीत बसवून

सगळ्यात आधी ताई. तिचं नाव लिहू का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "माह्यं नाव कायले? मी का इलेक्शनले उभी राहून राहिली?" म्हणून नुसतं ताई. नागपुरात आमच्या खोलीला लागून तिची खोली होती. मधली भिंत इतकी पातळ, की फोडणी तिने दिली तर शिंक मला यायची. दगडी कोळशाची शेगडी कशी पेटवायची, उन्हाळ्यात बाहेर पडताना कान कसे बांधून घ्यायचे, हे मला तिनेच शिकवलं. आणि दिवसाउजेडी गोष्ट कशी सांगायची, तेही. तुम्ही म्हणाल, गोष्ट सांगण्यात शिकण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. पण ते तिने शिकवलं नसतं तर माझी नोकरी गेली असती, आणि नोकरीच्या मागोमाग नागपूरही.

मी मालवणकडची. सातवीची परीक्षा दिली, पास झाले आणि शाळा तिथेच थांबली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि मुलीने रोज होडीतून ये-जा करायची हे घरी कुणाला पटलं नाही. लग्न झालं ते रस्त्याच्या कामावर मुकादम असलेल्या माणसाशी. त्यांचं काम नागपूरच्या पुढे, जंगलाच्या बाजूला चालायचं. ते आठवडेच्या आठवडे तिकडे तंबूत, आणि मी इकडे एका खोलीत. कडी लावली की नाही हे मी झोपायच्या आधी उठून उठून बघायची. तरी मला गावी परत जायचं नव्हतं. सासरच्या घरात मी विहीर आणि चूल यांच्या मधली एक वाट होते, बाकी काही नाही. इथे निदान सकाळी उठून आज काय करायचं ते मी ठरवत होते.

तेव्हा, म्हणजे सत्तर साल उलटून गेल्यावर, आमच्या वस्तीत एका संस्थेची बालवाडी होती. तिथल्या शिक्षिकाबाई लग्न होऊन गेल्या आणि मला तात्पुरतं घेतलं. मुख्यसेविकाबाई म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीआधी मी येऊन बघेन. मुलं बसतात का, गोष्टीचा तास कसा होतो. मग कायम करायचं की नाही ते ठरवू." घरी यांचंही तेच. "दिवाळीपर्यंत बघ. नोकरी टिकली तर राहा. नाहीतर इथे एकटीने काय करायचंय? तुला गावी माझ्या आईकडे पोचवून येतो." यांचा आवाज रागाचा नव्हता. उलट काळजीचा होता, आणि काळजीच्या आवाजापुढे भांडताही येत नाही.

बालवाडी म्हणजे टिनाच्या पत्र्याची एक खोली, पुढे कडुनिंब. मुलं सगळ्या प्रकारच्या घरांतली. कुणाचे वडील गिरणीत, कुणाचे हातमागावर, कुणी मौद्याकडची धानाची शेती भावांवर सोडून शहरात आलेले, आणि बरीचशी घरं ताईसारखी, बौद्ध झालेली. सुरुवातीचे दिवस गाणी, चिंचोके मांडणं आणि सुकडीचा खाऊ वाटणं यांत बरे गेले. गोष्टीचा तास मी मुद्दाम मागे ठेवला होता. तीच एक माझी खात्रीची गोष्ट होती ना! आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, कामधंदा बंद. दुपारभर वडील पडवीत जाळी विणायचे आणि आम्ही भोवती बसायचो. एक जाळं विणून होईतो त्यात किती गोष्टी विणल्या जायच्या याचा हिशेब नाही. त्या सगळ्या माझ्या तोंडात तयार होत्या.

तर एका सकाळी मी मुलांना गोल बसवलं आणि सुरू केलं, "एक होतं बंदर. तिथे एक भाऊ राहायचा…"

मुलांनी पटापट कानांवर हात ठेवले.

मला वाटलं, काहीतरी खेळ असेल. मीही कानांवर हात ठेवले आणि डोळे मोठे केले. कुणी हसलं नाही. पुढे बसलेली एक दोन वेण्यांची मुलगी एक कान जरासा मोकळा करून म्हणाली, "बाई, दिवसा गोष्ट नाई सांगत."

"का गं?"

"मामा रस्ता चुकते."

मी हसले. आणि हसून पुढे सांगायला लागले. तिथेच चुकले. ती मुलगी उठली आणि कान दाबून तशीच घराकडे पळाली. तिच्यामागे आणखी दोघं. राहिलेली मुलं इतकी गच्च बसली होती की सुकडी घ्यायलासुद्धा हात खाली येईनात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई दारात. डोक्यावर पदर, कमरेवर धाकटं मूल.

"काहून वं बाई, तुले मामा नाही का?"

"आहेत की. दोन आहेत."

"मंग लोकायच्या मामाच्या जिवावर काहून उठली?"

मला काही कळेना. हळूहळू उलगडलं ते असं. तिचा भाऊ मौद्याजवळच्या खेड्यातला. दिवाळीसाठी तो तिला माहेरी न्यायला यायचा होता, आदल्याच दिवशी. ती सकाळपासून गाठोडं बांधून बसलेली. संध्याकाळ झाली, शेवटची एसटी येऊन गेली, भाऊ नाही. आणि तेवढ्यात लेक सांगते, की बालवाडीतल्या बाईने भर सकाळी गोष्ट सांगितली.

"अहो, गाडी चुकली असेल त्यांची," मी म्हटलं.

"गाडी कशी चुकन? तो का पहिल्यांदा येऊन राहिला? तूच चुकवला त्याले!" मग आवाज एकदम खाली आला. "नदीतून येते वं तो. पूल लांब पडते म्हून एसटीपावतो कन्हानच्या पाण्यातून येते. आता काय करू मी?"

भांडायला आलेली बाई रडायला लागली की आपण काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. मी तिच्या कमरेवरचं मूल घेतलं आणि उभी राहिले.

त्यानंतर खोली रिकामी. सकाळी मी झाडून, सतरंजी घालून, पाट्या मांडून बसायची. कडुनिंबाखाली मुलं खेळायची, पण उंबरठा कुणी ओलांडायचं नाही. एकदोघी आया सुकडी न्यायला आल्या त्या हात लांब करूनच. मुख्यसेविकाबाई कोणत्याही दिवशी येणार होत्या. मी मनात म्हणायची, आल्या तर काय सांगू? मुलं आजारी आहेत? सगळीच?

ताई त्या दिवसांत संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायला जात होती. दुपार कलली की अंगाला संत्र्याच्या सालीचा वास घेऊन यायची, आणि आम्ही ओट्यावर भाजी निवडत बसायचो. कोथिंबिरीला ती सांबार म्हणायची, आणि बाई असून 'मी जातो, मी करतो' म्हणायची. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती धीर देईल. ती तर सांबाराची जुडी मांडीवर टाकून हसत सुटली.

"माय वं! सकाळी सकाळी? सुर्व्या डोक्यावर असताना? अन् वरून हासली?"

"ताई, माझी नोकरी जाईल."

"मंग आता रडू नको. तुले कोणी सांगतलं नाही, तं तुले कसं मालूम असन?" तिने डोळे पुसले. "आमी गवत निंदाले जात होतो न, धानात, तं दिवसभर वाकून वाकून कंबर मोडे. गोष्टीबिगर निंदण उरकते का? पण दिवसा गोष्ट सांगाची कशी? तं आमच्या बाया काय करत, का बांधावर झाडाखाली एक दगड ठेवत. तो मामा. त्याले म्हणत, बस मामा, पाणी पे, घाई नाही. मामा बसला सावलीत. आता जो बसला हाय तो चुकन कसा?"

"आणि मग?"

"मंग काय, सांग गोष्टी संध्याकाळपावतो. घरी निघताना म्हणाचं, ऊठ मामा, चाल आता."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या घरात बुद्धाची तसबीर होती, बाकी एकही देव नव्हता. उपासतापास नाही, नवस नाही. मी विचारलं, "तुम्ही हे मानता?"

"मी कायले मानतो? आमी छपन सालीच सारे देव नदीत सोडले, अन् हा मामाचा फंदा ठेवीन का? पण पोट्ट्यानं कान झाकला तं तू का त्याचे हात बांधशीन? ज्याच्या मनात धाक हाय त्याले पयले बसव तं खरं. मंग सांग तुले काय सांगाचं ते."

तेवढ्यात तो मौद्याचा भाऊ आला! म्हणजे अगदी तेवढ्यात नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. अवकाळी पावसात कापलेलं धान भिजलं होतं, ते उलटंपालटं करून वाळवण्यात दिवस गेले, अजून मळणी व्हायचीय, दिवाळीला परत येऊन नेतो, असं त्याने सांगितलं. गल्लीत सगळे जमले. मी भीत भीत पुढे झाले आणि म्हटलं, "बघा, वाट नव्हती चुकली."

त्याची बहीण माझ्याकडे वळली. "चुकलाच असता! पोट्टीनं कान झाकले म्हून वाचला."

भाऊ आपला बिडी पेटवत हसत उभा. पण ती आता रागावलेली नव्हती, हे मला दिसलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, ताईने सांगितलेलं दगडाचं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "हे बराबर बोलली. आमच्याकडंही असंच करत."

दुसऱ्या दिवशी मुलं आली ती आपापले मामा घेऊन. कुणी काळा गोटा आणलेला, कुणी गिरणीच्या भट्टीतला जळका कोळसा. एका मुलीने अर्धी वीट आणली होती, कारण मामा जाडा. एकाने खेळायची गोटी आणली. त्याचा मामा त्याच्याहून लहान होता! सगळ्या मामांना आम्ही खिडकीखालच्या सावलीत ओळीने बसवलं, वाटीभर पाणी ठेवलं आणि एका सुरात म्हटलं, "बस मामा, पाणी पे, घाई नाही." मग मुलं गुडघ्यांवर हात ठेवून बसली. मी सुरू केलं. एकही हात कानाकडे गेला नाही.

माझी ती गोष्ट अशी होती. एक बहीण खाडीपलीकडे दिलेली. भाऊ तिला आणायला निघतो. ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत जायचं, पण वाटेत धुकं पडतं. दिशा कळेना. तेव्हा एक खेकडा येतो आणि वाळूत रेघ ओढत पुढे पळतो. भरतीचं पाणी रेघ पुसत मागून येतं, भाऊ रेघेवरून धावतो. आमच्या गावात ही गोष्ट सांगताना भरती आली म्हटलं की पोरं पाय जवळ घ्यायची. इथे कुणाचा पाय हलला नाही.

"बाई, भरती म्हणजे?"

"समुद्राचं पाणी वर येतं ते."

"समुद्र केवढा असते? फुटाळ्याएवढा?"

"फुटाळा तलावापेक्षा खूप मोठा. पलीकडचा काठच दिसत नाही."

एक मुलगा विचारात पडला. "मंग तितले लोक पाण्यासाठी भांडत नसन."

"ते पाणी खारट असतं. पिता येत नाही."

मागून आवाज आला, "खारं पाणी एवढं भरून कोणं ठेवलं, बाई?"

त्या संध्याकाळी मी ताईला हीच गोष्ट सांगितली आणि म्हटलं, मुलांना ती लागत नाही. ताई ऐकता ऐकता मध्येच म्हणाली, "हे तं आमची गोष्ट हाय!"

"तुमची कशी? तुम्ही खेकडा बघितलाय का समुद्राचा?"

"खेकडा नाही वं. आमच्यात मोहाचं झाड हाय." आणि तिने सांगितली. बहीण जंगलापलीकडे दिलेली. भाऊ न्यायला निघतो, अंधारात वाट सुटते. तेव्हा मोहाची झाडं एकामागून एक फुलं टाकतात. फुलांचा वास येईल तिकडे भाऊ चालतो. मागून वाघ.

वाघ म्हटलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. मागून येणारं पाणी इथे वाघ झालं होतं. मी म्हटलं, "मग? वाघ गाठतो?"

"माही माय सांगे तवा वाघ भावाले खाऊन टाके. मंग महादेव-पार्वती तितून जात, पार्वती हट्ट धरे का याले जिता करा, अन् महादेव पाणी शिंपडे."

"आणि आता?"

"आता छपन सालापासून महादेव-पार्वती येत नाही आमच्या गोष्टीत." अगदी सरळ सांगितलं तिने, गाडी या स्टेशनावर थांबत नाही असं सांगावं तसं. "पण गोष्ट तं पुढं न्यावं लागते ना! पोट्टे मधातच थोडी सोडू देते? तं मी मंग बदलली. भाऊ अजून काहून नाही आला, म्हून बहीणच कुऱ्हाड घेऊन निघते. दोघं अध्ध्या रस्त्यात भेटते. वाघ दोघायले पाहून वापस जाते."

तिने नंतर भाजी चुलीवर टाकली, पण माझं मन तिथेच घोटाळत राहिलं. मला वाटायचं, गोष्ट म्हणजे एकदा तयार झालेली वस्तू, आईकडून लेकीकडे जाणाऱ्या बांगडीसारखी. पण ही तर माणसांबरोबर चालत होती. समुद्र नाही तिथे जंगलातून जात होती, देव उठून गेले तर त्यांची जागा कुणालातरी देत होती. मग आमच्या गावात ती तशीच का राहिली? की तिथेही कुणीतरी बदलली असेल, आणि मला फक्त शेवटची मिळाली?

तेव्हापासून मला विचारायचा नादच लागला. दिवसा गोष्ट सांगितली तर मामाच का चुकतो? काका का नाही? वस्तीच्या तोंडाशी एक रिक्षावाले होते, सायकलरिक्षा. महाल भागातल्या बाजारात सामान आणायला गेले की मी त्यांच्या रिक्षेतून यायची. त्यांना विचारलं तर त्यांनी पायडल मारणं थांबवून मागे बघितलं.

"काका घरचाच. घरापासून वावरापावतो जाते अन् वापस येते. तो कुठं चुकन, बाई?"

एवढं सोपं होतं! मुलांना मामा म्हणजे बाहेरून येणारा माणूस. आणि त्यांच्या आयांना तो म्हणजे माहेर स्वतः चालत येणं. दोन गावांच्या मध्ये नदी, रान, पावसात बंद पडणाऱ्या वाटा. निघाला म्हणून निरोप कुणाकडून यायचा नाही. दारात उभा राहीपर्यंत तो निघालाय की नाही हेच कळत नाही. आणि दिवस तर कामाचा, दिवसा कुणी गोष्टींत रमलं तर निंदण कधी व्हायचं? या दोन्ही गोष्टी कुणीतरी एकत्र बांधून मुलांच्या कानात ठेवल्या होत्या.

मी ताईला आमच्याकडचं सांगितलं. वडील समुद्रावर असले की आई घरातलं एकही भांडं पालथं घालायची नाही. घासलेली भांडी उताणीच ठेवायची. त्यात धूळ जाईना का!

ताईला समजावून सांगावं लागलं नाही. समुद्र न बघितलेली बाई ती. लगेच म्हणाली, "होडी पलटन म्हून?"

"हो."

"बराबर हाय," ती म्हणाली.

मुख्यसेविकाबाई आल्या त्या दिवाळीच्या अगदी तोंडावर. परीटघडीची साडी, छत्री, कपाळावर घाम. खोली भरलेली बघून त्यांनी मान हलवली आणि माझा जीव जरा खाली पडला. मग त्यांची नजर खिडकीखाली गेली.

"हे दगड कशासाठी?"

"ते… मामा आहेत."

"कोण?"

मुलांना राहवेना. "हा माह्या मामा, बाई. मौद्याचा!" "हा भंडाऱ्याचा!" "अन् हे वीट माही!"

बाईंना मी कसंबसं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तुम्ही मुलांना हे शिकवता?"

"मी नाही शिकवलं. त्यांना आधीपासून येत होतं."

"मग आपलं काम काय? असलं डोक्यातून काढायचं, की पाणी पाजून वाढवायचं?" त्या चिडून नव्हत्या बोलत. खरंच विचारत होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही काही चूक नव्हतं. "दगड बाजूला करा आणि सांगा बघू गोष्ट."

मी खाली वाकले. पहिला गोटा उचलला मात्र, दोन वेण्यांच्या त्या मुलीने कान झाकले. मग सगळ्यांनीच. बाई उभ्या, मी हातात गोटा घेऊन वाकलेली, आणि समोर मुलं डोळे विस्फारून बसलेली. मला तेव्हा ट्रंक दिसत होती, बांधलेली वळकटी दिसत होती, गावची विहीर दिसत होती.

त्या मुलीने एक कान मोकळा केला.

"बाई, तुमचा मामा कुठी हाय?"

बाई गडबडल्या. "माझा? माझे मामा… वर्ध्याला असायचे. आता नाहीत."

"मेले?"

"हो."

मुलीने विचार केला. "मंग तुमी आयका बिनधास्त. आमचे जिते हाय ना, बाई."

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरायला की दुसऱ्या कशाला, ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने त्या सतरंजीच्या कडेला, मुलांच्या ओळीत, साडी सावरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "ठेवा तो परत."

मी त्या दिवशी मोहाच्या झाडांची गोष्ट सांगितली, ताईची. वाघ आला तेव्हा मुलं एकमेकांना बिलगली. कुऱ्हाड घेऊन बहीण निघाली तेव्हा मागचा मुलगा ओरडला, "मार साल्याले!" आणि बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं.

जाताना त्या कडुनिंबाखाली थांबल्या. "शिक्षण किती म्हणालात तुमचं?"

"सातवी."

"बरं." छत्री उघडली. "ते दगड खोलीत मुलांच्या पायात येतात. इथे झाडाखाली मांडत जा. इथे सावलीही जास्त आहे."

दिवाळीनंतर मला कायम केल्याचा निरोप आला. हे जंगलातून आले तेव्हा मी सांगितलं. यांनी नुसतं "मग राहा" म्हटलं आणि बूट काढायला लागले. पुढची सगळी वर्षं त्या "मग राहा"वर उभी आहेत.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, दिवाळीतल्याच एका दुपारचं. गल्लीतल्या बायका एकेक करून आपापल्या भावांबरोबर निघून गेल्या होत्या. कुणी एसटीने, कुणी बैलबंडीतून. गल्ली इतकी शांत की नळाचं थेंब थेंब पडणारं पाणी ऐकू येत होतं. मी ताईकडे गेले. मुख्यसेविकाबाई खूश होऊन गेल्या, मला वाटतं नोकरी राहील, हे तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. ती ऐकत होती, पण डोळे दाराबाहेर होते.

मी सहज विचारलं, "तुम्ही नाही जात माहेरी? सुट्टी असेल ना बाजाराला?"

"कोणासंग जाऊ?" ती म्हणाली. "मले भाऊ नाही ना. मायबापाची मी एकटीच. ते दोघं गेले तवापासून ते गावच सुटलं. लगन झालं तवा पयले पयले सणाले मी रस्त्याकडं पाहत बसत होतो. मालूम हाय का कोणी येत नाही, तरी पाहत होतो. मंग माही मीच हासतो." आणि हसली. "चाय ठेवू का?"

मी चहा प्यायले. एवढं शिकवलं त्या बाईने मला, पण तिला भाऊ आहे की नाही हे विचारायला मला इतके महिने लागले.

आता आम्ही वस्ती सोडून दुसरीकडे राहायला गेलोय. ताई तिथेच आहे. बाजारात जाणं थांबलंय, गुडघे दुखतात, नातवंडं आहेत. मी जाते अधूनमधून. तिला अजून न्यायला कुणी आलेलं नाही.

तर मी जाणार आहे. नुसती भेटायला म्हणून नाही, भाऊ जातो तशी रीतीने न्यायला जाणार आहे. नवी साडी घेऊन तिच्या दारात उभी राहीन आणि म्हणेन, ताई, न्यायला आलेय. ती म्हणेल, मी कायले येतो, माह्ये गुडघे पाहून राहिली का नाही? तिला तिच्या नातवंडांसमोर गाठोडं बांधायला लावीन. दोनदा गाडी बदलायची, पुढे एसटीचा घाट, तिला गाडी लागेल की काय, खोलीच्या किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या, हे सगळे घोर मला आत्तापासून लागलेत. पण एका दिवाळीत ताई माझ्या आईच्या पडवीत, माहेरवाशिणीसारखी पाय पसरून बसलेली असेल. आई तिच्या डोक्याला तेल लावेल, आणि पुरे म्हणेपर्यंत ती तिथे राहील. कोणत्या वर्षी ते मला आत्ता सांगता येत नाही. पण हे मी करणार आहे, ताई.